केळीचा खांब मऊ असतो, तरी श्रेडर का अडतो?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात श्रेडरबद्दल, म्हणजे खांबाचे बारीक तुकडे (कुट्टी) करणाऱ्या ट्रॅक्टरच्या यंत्राबद्दल, एक मेसेज खूप फिरतोय: ‘केळीच्या खांबात नव्वद टक्के पाणी असतं. कापायला जोर लागत नाही, पाती बोथट असली तरी चालते. अडलंच तर पुली बदलून फेऱ्या वाढवा. घड उतरला की लगेच कुट्टी करा.’ पाण्याचा आकडा बरोबर आहे. पुढचा सल्ला मात्र महागात पडतो.

पात्याला झुंजावं लागतं ते पाण्याशी नाही, तंतूंशी. ते खांबात उभे धावतात. म्हणून खांब हातानं उभा सोलता येतो, पण आडवा तोडायला कोयताच लागतो.

बोथट पाती चालते, हा यातला सगळ्यात घातक भाग. धार गेली की तंतू तुटण्याआधी वाकतात आणि फिरत्या व स्थिर पात्याच्या फटीत ओढले जातात. मग ते पाती फिरवणाऱ्या दांड्याला (शाफ्टला) गुंडाळतात, बेअरिंगच्या सीलमध्ये शिरतात, ग्रीस बाहेर येतं आणि रस आत जातो. ट्रॅक्टर गुरगुरतो, आणि दोष येतो त्याच्या ताकदीवर, एचपीवर. फट 1 मिलीमीटरच्या आत ठेवा, धारेचा कोन 25 ते 30 अंश. पाती थोडी तिरकी बसवली तर काप एकदम न पडता सरकत जातो. एकूण ऊर्जा फारशी वाचत नाही, पण झटका कमी बसतो. समोरासमोरची पाती सारख्याच वजनाची हवीत, नाहीतर रोटर, म्हणजे पाती बसवलेला फिरता भाग, थरथरतो.

आता फेऱ्या. 50 सेंटिमीटर व्यासाचा रोटर मिनिटाला 1500 फेऱ्यांनी फिरला तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला साधारण 40 मीटर, 1900 फेऱ्यांना 50 मीटर. 25 किलोचा खांब 40 मीटरच्या वेगानं उडवायलाच 20 किलोज्यूल जातात, 50 ला 31. पाच बाय सहा फुटांवर एकरी साधारण 1450 खांब धरले तर नुसत्या फेकण्यात 8 युनिटऐवजी (किलोवॅट-तास) साडेबारा युनिट ऊर्जा लागते, आणि त्यानं कुट्टी काही बारीक होत नाही. शिवाय त्याच पीटीओवर (यंत्र फिरवणारा ट्रॅक्टरमागचा दांडा) वेग वाढवला की रोटरवरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, त्याच प्रमाणात घटतो: वेग सव्वापट, टॉर्क वीस टक्के कमी. जाड बुडखा आला की रोटर तिथेच बसतो. स्थिर पाती नीट लावलेली असेल, तर एवढ्या वेगाची गरजच पडत नाही.

‘लगेच कुट्टी’ हे बाग मोडायची असेल तरच ठीक. तेव्हा उशीर नकोच, सुकलेले तंतू चामड्यासारखे चिवट होतात. पिलबाग, म्हणजे त्याच बुंध्याच्या पिलापासून पुढचं पीक, धरली असेल तर मात्र खांब एकदम काढू नका; त्यातलं अन्न पिलाला मिळतं, म्हणून वरून टप्प्याटप्प्यानं कापा. आणि कोणत्याही वेळी यंत्र शेतात घालण्याआधी ठिबकच्या नळ्या गुंडाळून बाहेर काढा. एक नळी रोटरला लागली की उरलेली ओळ ओढली जाते.