म्हणे 'एकदम ओरिजिनल, कुणी हात पण लावला नाही'

विंटेज घड्याळं विकणाऱ्या लोकांनी 'ओरिजिनल' या शब्दाचा पार चोथा करून टाकलाय राव. मी मागच्या आठवड्यात एक स्विस डाइव्हर (पाण्यात डुबकी मारणाऱ्यांसाठीचं घड्याळ) घेतलं, १९६८ चं, 'डायल, काटे सगळं कंपनीचं, कुणी हात पण लावलेला नाही' असं छातीठोक सांगून विकलेलं. डायलवर सहाच्या खाली बारीक अक्षरात 'टी स्विस मेड टी', बघून मी एकदम खूश. आणि मग रात्री अडीचला पाणी प्यायला उठलो तर टेबलावर हिरवं काहीतरी झगझगतंय, जवळ जाऊन बघतो तर आमचं घड्याळ!

अरे ते दोन टी म्हणजे ट्रिटियम, डायलवरचा रंग अंधारात चमकावा म्हणून त्यात घालायचे तो किरणोत्सर्गी पदार्थ. त्याचं अर्धायुष्य साधारण १२.३ वर्षं, म्हणजे पन्नासेक वर्षांत सोळावा हिस्सा शिल्लक राहतो, त्यात ज्या पावडरमुळे उजेड पडतो तीही तोवर दमलेली असते. अशी डायल अंधारात मेल्यात जमा असायला पाहिजे, टॉर्च मारली तर जरा वेळ चमकेल आणि विझेल, बस. रात्री अडीचपर्यंत उजेड देतंय म्हणजे ते ल्युम (अंधारात चमकणारा रंग) नंतर भरलेलं, नव्या जातीचं, आणि ती जात आली १९९० च्या दशकात. मग भिंग लावून बघितलं तर ठिपक्यांच्या कडेबाहेर रंग सांडलेला, काट्यांवरचा रंग वेगळा आणि डायलवरचा वेगळा. म्हणजे खरंच कुणी हात लावला नव्हता, ब्रश लावला होता!

आता ल्युम नवं भरलं याचा मला राग नाहीये, घालायचं घड्याळ आहे, भरा की, पण सांगा ना बाबांनो. चूक माझीपण आहे, झाकण उघडून मशीनचा फोटो पाठवा म्हणून मी तीनदा मागितला होता आणि प्रत्येक वेळी उत्तर काय, तर 'उघडलं की वॉटरप्रूफ जातं'. पन्नास वर्षांच्या रबरी रिंगेचं कसलं आलंय वॉटरप्रूफ? ती कडक तरी झालेली असते नाहीतर वितळून चिकट. प्रेशर टेस्ट केल्याशिवाय असलं घड्याळ घालून हातसुद्धा धुवू नये, आणि हा मला वॉटरप्रूफ शिकवतोय. तिथेच उठायला पाहिजे होतं. नाही उठलो.

आणि ती भाषा! ओलावा शिरून डायल सडली की ती 'पॅटिना', काळ्याची तपकिरी झाली की 'ट्रॉपिकल', आणि पॉलिशच्या चाकावर धरून धरून केसचा (घड्याळाच्या धातूच्या कवचाचा) झिजून साबण करून टाकला की 'मिंट कंडिशन'. लग्जच्या (पट्टा अडकवतात त्या शिंगांच्या) कडा गोल झाल्यात, मागच्या झाकणावरची अक्षरं बोटाला लागतसुद्धा नाहीत, तरी मिंट. अहो चकचकीत म्हणजे चांगलं नसतं, उडालेलं स्टील परत येत नाही, त्यापेक्षा ओरखडे असलेली पण धारदार कडांची केस मी दहा वेळा घेईन.

अजून एक डोक्यात जाणारा प्रकार म्हणजे 'फुल स्टील'. का? तर मागे 'स्टेनलेस स्टील बॅक' लिहिलंय. अरे बॅक! फक्त झाकण स्टीलचं असंच सांगतायत ते, बाकीची केस मुलामा दिलेल्या पितळेची असते बऱ्याचदा, लग्जच्या टोकांना आणि चावीजवळ घासून पिवळी दिसायला लागते. इतकं स्पष्ट लिहून ठेवलेलं पण वाचायचं नसेल तर काय बोलणार.

सेको या जपानी कंपनीची घड्याळं विकणारे तर कमालच करतात. ६१३९ नंबरच्या मशीनचं क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं घड्याळ), 'पहिल्या वर्षाचं, १९६९ चं' म्हणून गळ्यात मारत होता एकजण, आणि मागचा सिरियल नंबर सुरू होतोय ४ ने. त्यात पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि दुसरा महिन्याचा, म्हणजे ते झालं १९७४ चं. दोन सेकंदांचं काम आहे, पण विकणाऱ्याला माहीत नसतं किंवा (जास्त करून) माहीत असतं.

'टाइम एकदम परफेक्ट दाखवतंय' हे वेगळंच. दिवसाला दोन सेकंद पुढे जाणारं मशीनसुद्धा आतून कोरडं ठणठणीत असू शकतं. टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून घड्याळ तपासणारं यंत्र) अ‍ॅम्प्लिट्यूड (आतलं चाक किती अंश झुलतं ते) बघा, पूर्ण चावी देऊन आडवं ठेवल्यावर २७० अंशांच्या आसपास आलं तर ठीक, २०० च्या खाली घुटमळत असेल तर बहुतेक तेल संपलंय आणि पार्ट एकमेकांना खातायत. ऑन-टाइम आहे म्हणून तसंच घालत राहिलात तर खर्च तुमचा. माझं किती आलं माहितीये? १८५. घड्याळजीने झाकण उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि काही बोललाच नाही, ते तर जास्तच लागलं.

शेवटी त्या विकणाऱ्याला फोन केला, ल्युम, सांडलेला रंग, १८५ सगळं सांगितलं, आवाज चढलाच माझा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणतो कसा, "साहेब, पण अंधारात टाइम दिसतोय ना?"