वटवाघळाचे पंख असलेला लांडगा

आमच्या आप्पांना उलटं वाचता यायचं. छापखान्यात ते जुळारी होते. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, उचलून ओळ जुळवायची, ती आरशात दिसावी तशी उलटी, आणि आप्पा ती पेपर वाचल्यासारखी भराभरा वाचायचे. लग्नसराईत त्यांना घरी यायला उशीर व्हायचा, मग आई मला डबा घेऊन पाठवायची. ट्रेडल मशीनचा ठेका, शाईचा आणि रॉकेलचा वास, आणि कागद उचलला की सगळं सुलटं होऊन समोर! मला ती जादू वाटायची. आज पन्नाशीतही वाटते.

हे आठवलं ते डेनिस मॅकनेट या अमेरिकन कलाकाराचं काम बघताना. गेले पंधरा दिवस रोज रात्री मी तेच बघतेय, म्हणून लिहायला बसले.

हा माणूस लाकडी फळ्या कोरतो. जे छापायचं नाही ते कोरून काढायचं, जे उरतं त्यावर रोलरनं शाई फिरवायची आणि त्यावर कागद दाबायचा. ही पद्धत फार जुनी आहे. पण छापलेला कागद तो काचेत घालून भिंतीवर टांगून थांबत नाही. तो कागद कापतो, मुखवट्यांवर चिकटवतो, मोठमोठ्या पुतळ्यांवर आणि लाकडी जहाजांवर चढवतो. मग माणसं ते मुखवटे घालून रस्त्यावर मिरवणूक काढतात. त्याचा सगळ्यात प्रसिद्ध प्राणी म्हणजे ‘वुल्फबॅट’, अर्धा लांडगा, अर्धं वटवाघूळ. त्याच्या स्टुडिओचं नावही तेच. ऐंशीच्या दशकातल्या स्केटबोर्डांवरची चित्रं, पंक संगीत आणि उत्तर युरोपातल्या जुन्या देवदेवतांच्या कथा, यातून त्याचे प्राणी आलेत. स्वतःची ओळख करून देताना तो एक गोष्ट सांगतो: लहानपणी त्याच्या चित्रांचं कौतुक त्याच्या आजोबांनी केलं होतं, आणि ते आजोबा आंधळे होते.

हे वाचून मी बराच वेळ फोन खाली ठेवला. न बघता कौतुक करणारं एक माणूस पोराच्या वाट्याला आलं तर ते पोर आयुष्यभर कोरत बसतं.

आता आपल्या गावाचं, सोलापूरचं बोलते. माझ्याकडे चित्रं काढायला काही मुलं येतात. त्यातला एक सहावीतला मुलगा, घरी यंत्रमाग. त्यानं शाळेत एक प्राणी काढला: धड मागाचं, मान मोराची, आणि शेपटी म्हणजे लांबलचक चादर, तिच्यावर पुन्हा छोटे छोटे मोर. वहीत लाल पेननं शेरा आला, ‘असा प्राणी नसतो.’ शाळेचं नाव घेत नाही, कारण असा शेरा कुठल्याही शाळेत मिळू शकतो. पण तो मुलगा नंतर महिनाभर माझ्याकडे फक्त फुलदाणी काढत होता. ती फुलदाणी बघून मला रडू यायचं बाकी होतं.

असा प्राणी नसतो म्हणे. 1515 साली गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांना मिळालेला एक गेंडा जहाजानं लिस्बनला पोचला. जर्मनीतल्या आल्ब्रेख्ट ड्यूररनं तो कधीच डोळ्यांनी पाहिला नाही. कुणाचं तरी वर्णन आणि एक कच्चं रेखाटन एवढ्यावर त्यानं गेंड्याचा लाकडी ठसा करवला. अंगावर चिलखतासारखे पत्रे, पायांवर खवले, आणि खांद्यावर जादा एक छोटं शिंग! खरा गेंडा पुढच्याच वर्षी पोपला भेट म्हणून नेताना जहाजासकट बुडाला. छापलेला गेंडा मात्र युरोपभर गेला, आणि पुढची दोनेक शतकं लोकांना गेंडा म्हटलं की तोच दिसायचा. आपल्याच देशातून गेलेलं जनावर, आणि त्याला कागदावर मिळालेलं ते नसलेलं शिंग. लाल पेनवाल्या बाईंना मला हा कागद दाखवायचाय.

आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचं? महाराष्ट्रातल्या कितीतरी किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ आहे, सिंहासारखा, पंजात हत्ती धरलेला. दोन तोंडांचा पक्षी, गंडभेरुंड आहे. देवळाच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख, ते राक्षसी तोंड आहे, ज्याला आपण पाय न लावता ओलांडतो. यातला एक तरी प्राणी कुणी रानात पाहिलाय का?

आपल्या ग्रामदैवताच्या, सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेचंच बघा. मी हे पूर्ण श्रद्धेनं लिहितेय. कुंभारकन्येला सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं होतं, महाराजांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली. तो योगदंड म्हणजे आपले नंदीध्वज. सात उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं त्या तोलत नेतात, आणि अक्षता पडतात तेव्हा सगळं गाव वऱ्हाडी असतं. होमाच्या दिवशी बाजरीच्या पेंढीची कुंभारकन्या करतात, तिला नवरीसारखं सजवतात आणि अग्नी देतात. माझी आई दरवर्षी तिथं डोळे पुसायची. काठीत नवरदेव आणि पेंढीत नवरी बघू शकणारं हे गाव आहे. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ म्हणताना कुणी विचारत नाही की ही तर काठी आहे. मग आपल्याच पोरानं मागाला मोराची मान लावली तर आपल्याला काय होतं?

मॅकनेटचं अनुकरण करा असं मी मुळीच म्हणत नाही. त्याचा लांडगा त्याच्या कथांमधून आलाय, तो इथं आणून दंडावर गोंदवला म्हणजे काही झालं असं नाही. मला पटतं ते त्याचं एकच: ठसा ही वाटायची वस्तू आहे. फळी एकदा कोरली की शंभर कागद निघतात. एक फाटला, पावसात भिजला, तरी जीव जळत नाही. म्हणूनच तो अंगावर घालता येतो, नाचवता येतो. छापचित्राला क्रमांक घालून, काचेत बंद करून दिव्याखाली टांगायचं, हे मला नेहमी त्याच्या स्वभावाविरुद्ध वाटत आलंय. आणि लेझीमची, मिरवणुकांची आपल्या गावाला कधी कमी नव्हती. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो तेव्हा शहराच्या पूर्वभागात पाय ठेवायला जागा नसते. रस्त्यावर उतरायचं कसं हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. कापड तर गल्लीगल्लीत आहे.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मुलांकडून ठसे कोरून घ्यायचं ठरवलंय. कागदावर नाही, कापडावर छापायचं, त्याचे अंगरखे आणि मुखवटे करायचे आणि आमच्या गल्लीतून एक फेरी काढायची. प्रत्येकाचा प्राणी त्याचा स्वतःचा. एकच अट, पुस्तकातून किंवा मोबाईलमधून उचललेला नको.

कुणाकडे जुन्या प्लायवूडचे तुकडे, लिनोलियम, मागावरचं उरलेलं कोरं कापड असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन. बंद पडलेल्या छापखान्यातला हाताचा रोलर कुणाकडे पडून असेल तर फार उपकार होतील. आप्पांचा होता, तो भंगारात गेला.

त्या मुलाला मी काल विचारलं, तुझा मोर-माग चालताना आवाज कसा करेल रे? त्यानं फुलदाणीचं पान उलटलं, थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, ‘खटक-खट, खटक-खट, आणि पाऊस आला की म्याओ.’