परवाने मोजू नका, राजेहो!

तालुक्याच्या कार्यालयात नव्यानं रुजू झालात आणि संगणकांची जबाबदारी गळ्यात पडली? घाबरू नका, राजेहो. सॉफ्टवेअरचे परवाने सांभाळणं फार सोपं काम आहे. फक्त ते मोजायचे नाहीत.

खरेदीचा मुहूर्त मार्चच्या शेवटच्या आठवड्यातलाच धरा. गरज काय ते शोधत बसाल तर 31 तारखेला निधी परत जाईल, अन् पुढच्या वर्षीची तरतूद कापली जाईल ती वेगळीच. संगणक 22 असतील तर अँटिव्हायरस 50 जणांचा घ्या. उद्या रिक्त पदं भरली गेली तर? (भरली जात नाहीत, पण शासनावर विश्वास हवा.) खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरूनच करा, म्हणजे कोणी बोट दाखवणार नाही. इतके कशाला हवेत, हे पोर्टल विचारत नाही.

वर्षावारी भरायची सबस्क्रिप्शनं तर आवर्जून घ्या. ट्रॅक्टर भाड्यानं आणला तर नांगरटी झाली की भाडं थांबतं. इथं शेत पडीक असलं तरी मीटर चालूच. नोंदणी मात्र ज्या बाबूला संगणकातलं कळतं त्याच्या खासगी जीमेलवर करा. पदाच्या नावानं सरकारी ई-मेल मिळतो, पण त्यात धोका असा की माणूस गेला तरी खातं राहतं. मे महिन्यात बदल्या निघतील, बाबू गडचिरोलीतल्या एटापल्लीला जातील, ओटीपी त्यांच्या मोबाइलवर.

"बाबू, ओटीपी आला का?"

"इथं टावरच नाही ना जी साहेब. टेकडीवर चढून सांगतो."

संध्याकाळपर्यंत वाट पाहा आणि नवीन खरेदीची टिपणी टाका.

जडवस्तू नोंदवहीत खुर्ची, टेबल, कूलर सगळं असतं. परवाना हाताला लागत नाही, तर लिहायचा कुठं? ‘सीडीचा खोका, 1 नग’ अशी नोंद करा. निर्लेखनात, म्हणजे जुनं सामान नोंदीतून काढताना, तो मोडक्या कूलरसोबत लिलावाला जाईल. संगणकाबरोबर आलेला विंडोजचा परवाना बहुधा त्याच यंत्राला बांधलेला असतो. तेव्हा भंगार उचलायला आलेल्या माणसाला स्टिकरसकट डबा देऊन टाका; नव्या डब्याबरोबर नवा परवाना विकत घेता येतो.

मधल्या काळात बसस्टँडजवळचा पोरगा पेनड्राइव्ह घेऊन येतो, चहाच्या वेळात सगळं टाकून जातो. कॉपीराइट कायदा 1957, कलम 63 बी: संगणक प्रोग्रामची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. यातलं ‘जाणूनबुजून’ तेवढं लक्षात ठेवा. परवाने मोजून ठेवणारा अधिकारी किती अडचणीत येऊ शकतो, बघा! तुम्हाला काही माहीतच नसलं म्हणजे झालं.

जुन्या मराठी फॉन्टचं डोंगल, म्हणजे संगणकात खोचलं तरच फॉन्ट चालतो ती किल्ली, मात्र जिवापाड जपा. त्या फॉन्टात टाइप केलेले ठराव दुसऱ्या संगणकावर उघडले की नुसती चिन्हांची खिचडी दिसते. एकदा बसून सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा अक्षरांत, फिरवलं तर हा खर्च कायमचा मिटेल, म्हणून ते काम कोणाला सांगू नका.

नागपूरला अधिवेशन लागलं आणि वरून विचारणा आली, किती परवाने, किती वापरात, तर ‘माहिती संकलित करण्याचे काम सुरू आहे’ एवढं कळवा. अधिवेशन त्याआधी संपतं.

एखादा नवखा तरुण लिपिक म्हणेलच की 2015 पासून केंद्राचं मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण आहे, आपली पत्रं अन् तक्ते लिब्रेऑफिसमध्ये फुकट होतील. त्याला रागावू नका. जवळ बसवा, चहा पाजा आणि विचारा: "बापू, शून्य रुपयाचं देयक कोषागारात कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकू, सांग."