पोटातल्या महाधमनीवरचा तो फॉरवर्ड आणि मामांचं पत्र

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, नंतर आणखी दोन ग्रुपवर तोच दिसला. म्हणे इंग्लंडमध्ये पोटातली महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी नस, फुगण्याच्या आजाराने, म्हणजे ॲन्युरिझमने, ॲडमिट होणारे वाढतच चाललेत, म्हणजे आजार पसरतोय, सरकारी तपासणी हा ऑपरेशनं वाढवायचा धंदा आहे, आणि नस फुटली की माणूस जातोच मग आधी कळून उपयोग काय, शिवाय हा गोऱ्यांचा आजार. इंग्लंडमधल्या लेस्टरला राहणाऱ्या माझ्या मामांनी हे वाचलं आणि पासष्टीला आलेलं तपासणीचं पत्र फ्रिजवर मॅग्नेटखाली अडकवून ठेवलं. म्हणून लिहितेय.

आधी ॲडमिटचं. यात दोन वेगळे पेशंट आहेत. एक, फुगा फुटलेला, पाठीत-पोटात भयंकर कळ, घामाघूम, बीपी कोसळलेलं, ॲम्ब्युलन्समधून आलेला. दुसरा, सोनोग्राफीत सापडलेला, तारीख ठरवून बॅग भरून आलेला. २००० नंतरच्या दशकात तिथे फुटून येणारे कमी झाले आणि ठरवून येणारे वाढले, खास करून पंच्याहत्तरीच्या पुढचे, कारण जांघेतून स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे नसेला आतून आधार देणारी नळी, घालायची सोय झाली, अनेकांचं पोट उघडायची गरज उरली नाही. तिथल्याच ऑपरेशनांवरच्या मोठ्या अभ्यासात ३० दिवसांत दगावणारे पोट उघडून ४.७ टक्के होते, स्टेंटने १.७ (पुढच्या काही वर्षांत हा फरक पुसला जातो, तेही खरं). दोन्ही पेशंटची बेरीज करून आजार वाढला म्हणायचं म्हणजे मोतीबिंदूची ऑपरेशनं वाढली म्हणून आंधळे वाढले म्हणण्यासारखं आहे.

आणि मृत्यू? ते १९९० च्या दशकाच्या शेवटापासून घटतायत. तपासणी सुरू झाली २००९ मध्ये, सगळ्या इंग्लंडभर पोचली २०१३ मध्ये, म्हणजे घट तिच्या आधीपासूनची, त्यामुळे सगळं श्रेय तपासणीला द्यायला मीही तयार नाही. मोठा वाटा सिगारेट सुटल्याचा आहे. १९७४ मध्ये ब्रिटनमधले जवळपास निम्मे पुरुष ओढायचे, आज खूपच कमी. आजारच घटलाय हो! नव्वदच्या दशकातल्या एका अभ्यासात ६५ ते ७४ च्या शंभर पुरुषांत जवळपास पाच जणांना फुगा सापडला होता, आता ६५ च्या शंभरात साधारण एक. वयोगट जरा वेगळा आहे हे मान्य, पण पसरणारा आजार असा दिसत नाही.

धंदा म्हणणाऱ्यांनी नियम वाचावेत. महाधमनीची रुंदी ३ सेंटीमीटरच्या आत असेल तर परत बोलवतच नाहीत. ३ ते ४.४ असेल तर वर्षातून एकदा सोनोग्राफी, ४.५ ते ५.४ असेल तर दर तीन महिन्यांनी, आणि ५.५ झाली की मगच सर्जनकडे. कारण १९९८ मध्येच ब्रिटिश डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं की त्याहून लहान फुग्याचं लवकर ऑपरेशन करून माणूस जास्त जगत नाही. धंदा करायचा असता तर हे कशाला छापलं असतं?

फुटली की माणूस जातो हे मात्र खरंय, दहातले आठ जण जातात, कितीतरी हॉस्पिटलपर्यंत पोचतच नाहीत. पण अहो म्हणूनच तर आधी बघायचं, कारण फुटेपर्यंत बहुतेकांना काहीच जाणवत नाही. सुमारे ६८ हजार पुरुषांच्या त्याच अभ्यासात निम्म्यांना तपासणीला बोलावलं, निम्म्यांना नाही. चार वर्षांत बोलावलेल्यांपैकी ६५ जण या आजाराने गेले, न बोलावलेल्यांपैकी ११३.

गोऱ्यांचा आजार, यात थोडं तथ्य आहे, आपल्या लोकांत तो कमी सापडतो. पण सगळ्यात मोठं कारण तंबाखूचा धूर, आणि मामांनी तीस वर्षं ओढलीय. वडिलांना किंवा भावाला असेल तरीही धोका वाढतो, म्हणजे मामांना निघाला तर साताऱ्याच्या धाकट्या मामांनीही सोनोग्राफी करून घ्यायची.

मामा, शर्ट वर करायचा, पोटावर गार जेली, दहा-पंधरा मिनिटं, आणि आकडा तिथल्या तिथे सांगतात. नंबर पत्रावरच आहे. मी रविवारी फोन करतेय, तोवर तारीख घेऊन ठेवा.