मावशी, डेल्टा तर लसीच्या आधीच आला होता

मावशी ६६ वर्षांची, शुगर आहे. कोविडच्या लसीचा दुसरा डोस जून २०२१ मध्ये झाला, मार्च २०२२ पासून मी मागे लागलो होतो की बूस्टर (तिसरा डोस) घे, १५ जुलै २०२२ पासून तर अठरा वर्षांवरच्या सगळ्यांनाच फुकट मिळायला लागला तरी ही हलली नाही. कारण भिशीच्या ग्रुपवरचा मेसेज: "लसीमुळेच नवे व्हेरियंट तयार होतात. ओमिक्रॉनवर लस चालत नाही. लस घेतलेलेच आजारी पडतात. दंडाला नाणं चिकटतं." खाली हात जोडलेले तीन इमोजी.

व्हेरियंटवालं (म्हणजे व्हायरसच्या बदललेल्या रूपांचं) आधी घेतो, कारण ते वाचून डोकंच फिरलं. अहो, तारखा तरी बघा! डब्ल्यूएचओच्या यादीत डेल्टा व्हेरियंटचे पहिले नमुने ऑक्टोबर २०२० चे आहेत, आपल्याच देशातले. आपल्याकडे लसीकरण सुरू झालं १६ जानेवारी २०२१ ला. साऊथ आफ्रिकेतला बीटा तर मे २०२० चा, तेव्हा लस बाजारात यायचं सोडा, अजून ट्रायलमध्येच होती. मग लसीने मागे जाऊन व्हेरियंट बनवले का? व्हायरस माणसात वाढतो तेव्हा त्याच्या कॉप्या निघतात, कॉपी करताना चुका होतात, त्यातला एखादा जास्त पसरणारा निघतो. त्याला लस लागत नाही, माणसं लागतात.

ओमिक्रॉन हा डेल्टानंतरचा व्हेरियंट, त्याचं अर्धं खरं आहे, मान्य. स्पाइकमध्ये (व्हायरसच्या अंगावरच्या काट्यांत) तीसच्या वर बदल, त्यामुळे शरीराने आधी बनवलेल्या अँटीबॉडीज (व्हायरसला पकडणारी प्रथिनं) त्याला नीट धरत नाहीत. इंग्लंडच्या अभ्यासात तर आपल्या कोविशील्डवाल्या लसीच्या दोन डोसनंतर पाच महिन्यांत लक्षणं टाळण्यापुरता फायदा जवळपास संपलेला दिसला. म्हणजे सर्दी-ताप होणार, मलाही झाला. पण मरण्याचं काय? हाँगकाँग बघा. २०२२ च्या ओमिक्रॉनच्या लाटेत तिथे मार्चपर्यंत जे साठीच्या वरचे गेले त्यातल्या ७० टक्के लोकांनी एकही डोस घेतला नव्हता, आणि दोन किंवा जास्त डोसवाल्यांचा मृत्यूदर बिनलसवाल्यांपेक्षा वीसेक पटीने कमी होता. तिथे फायझर आणि सिनोव्हॅक दिली होती, कोविशील्ड नाही, हे सांगून टाकतो, नाहीतर ग्रुपवरचे काका तेवढंच पकडतील. पण व्हायरस तोच होता आणि माणसं मावशीच्याच वयाची.

"लस घेतलेलेच आजारी पडतात" याचं उत्तर आमच्या बिल्डिंगमध्येच आहे. मोठी माणसं ४०, लस झालेली ३८. जानेवारी २०२२ मध्ये सहा जण पॉझिटिव्ह, सहाही लसवाले. न घेतलेले दोघेच, त्यातला एक तेव्हा गावी होता. जवळपास सगळेच लसवाले, मग आजारीही तेच दिसणार. आता काढा हिशोब.

राहिलं नाणं, म्हणजे लसीने दंडाचं लोहचुंबक होतं म्हणे. काल मावशीच्या दंडावर पाच रुपयाचं लावलं, खरंच चिकटलं. मग घाम पुसून पावडर लावली, तर सरळ खाली सोफ्याच्या फटीत. अजून सापडलं नाहीये.