‘नाशिकचा नीलम’: एका फॉरवर्डला उत्तर

सोसायटीच्या ग्रुपपासून ट्रेकवाल्यांच्या ग्रुपपर्यंत सध्या एक मेसेज फिरतोय. सोबत पांढऱ्या स्फटिकांवर बसलेल्या गर्द निळ्या गोळ्याचा फोटो. मजकूर थोडक्यात असा: ‘हा कॅव्हन्साइट, म्हणजे कच्चा नीलम. जगात फक्त नाशिकच्या डोंगरांत मिळतो. पांडवलेणीच्या पायथ्याशी शोधा, कुणीही उचलू शकतो. कॅरेटला नीलमापेक्षा जास्त भाव. मेणबत्तीवर धरा, रंग टिकला तर अस्सल. रात्रभर पाण्यात ठेवून ते पाणी प्या.’

फोटो कॅव्हन्साइटचा आहे, एवढं मान्य. पुढचं एकही वाक्य टिकत नाही.

कच्चा नीलम? नीलम म्हणजे कोरंडम, ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. त्यात लोह आणि टायटॅनियम अगदी थोडं असतं, त्याने निळा रंग येतो. काठिण्य, म्हणजे ओरखडा न उठू देण्याची ताकद, १० पैकी ९. कॅव्हन्साइट हे कॅल्शियम आणि व्हॅनेडियमचं सिलिकेट, त्याच्या रचनेतच पाणी असतं, आणि त्याची निळाई व्हॅनेडियमची. काठिण्य ३ ते ४. साध्या धुळीतले गारेचे कण ७ काठिण्याचे असतात, म्हणजे अंगठीत बसवला तर रोजच्या वापरातच त्यावर ओरखडे उठतील. दोघांत सारखं काय, तर रंग.

‘जगात फक्त नाशिक’ हे तर दुहेरी चूक. हे खनिज पहिल्यांदा मिळालं अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, १९६०च्या दशकात, आणि त्याचं शास्त्रीय वर्णन छापून आलं १९७३ मध्ये. त्याच वेळी पेंटागोनाइट या त्याच्या भावंडाचंही. दोघांचं रासायनिक सूत्र एकच, अणूंची मांडणी वेगळी. पेंटागोनाइट जास्त दुर्मिळ; त्याचे जुळे स्फटिक पाच पाकळ्यांच्या ताऱ्यासारखे वाढतात. आपल्याकडे या दोघांना जगभर नाव मिळवून दिलं ते पुण्याजवळच्या वाघोलीच्या खदानींनी. नाशिककरांनी यात कमीपणा मानायचं कारण नाही. पांडवलेणीच्या परिसरातल्या खदानींचा हिरवा अपोफिलाइट आणि पॉवेलाइट ही खनिजं परदेशातल्या संग्रहांत मानाने बसलीत. अपोफिलाइटच्या त्या हिरव्या रंगामागेही व्हॅनेडियमच आहे, गंमत बघा.

सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य मात्र कॅरेटच्या भावाचं. कॅव्हन्साइट वजनावर विकायची वस्तूच नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत नंतर खनिजयुक्त पाणी झिरपलं आणि स्टिलबाइट, हेयुलँडाइट अशी झिओलाइट गटातली खनिजं जमली. त्यांच्यावर हे निळे गुच्छ बसलेले असतात. संग्राहक पैसे मोजतो ते या सगळ्या मांडणीचे: गुच्छ अखंड आहे का, खालचा स्टिलबाइट शाबूत आहे का, आणि तुकडा नेमक्या कुठल्या खदानीतला. मेसेज वाचून कुणी निळा गुच्छ खरवडून डबीत भरला, तर हातात उरतो निळा चुरा, आणि मागे राहतो फुटका स्टिलबाइट. उलट व्यापारातली खरी लबाडी वेगळीच असते. सुटलेले गुच्छ दुसऱ्याच दगडावर डिंकाने चिकटवतात. दहापट भिंगातून बुडाशी पाहिलं की डिंकाची चकाकी किंवा बुडबुडे दिसू शकतात. ओकेनाइट हे दुसरं खनिज रंगवून, मुळातच निळं म्हणून खपवतात. ओकेनाइटचे केसाळ गोळे मुळात पांढरे असतात.

मेणबत्तीचा प्रयोग वाचून तर मी कपाळावर हात मारला. वर म्हटलं तसं या खनिजात पाणी आहे, स्टिलबाइटमध्येही आहे. तापवलं की ते निघून जातं आणि नमुना बिघडतो. ही अस्सलपणाची परीक्षा नव्हे, अस्सल वस्तू वाया घालवायची रीत आहे.

‘कुणीही उचला’ याबद्दल थोडक्यात. पांडवलेणी हे केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत खोदकाम-बांधकामाला मनाई, त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. खदानीत शिरायचं तर परवानाधारकाची संमती लागते, आणि सुरुंगाने सैल झालेल्या कड्याखाली रविवारी पोराबाळांना घेऊन फिरणं हा शुद्ध वेडेपणा. दगड बघायचेच असतील तर सिन्नरजवळ माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत गारगोटी संग्रहालय आहे. डोंगर न उकरता एक सकाळ मजेत जाईल.

पाणी पिण्याबद्दल एकच: पिऊ नका. खदानीतून आलेला, कशाने धुतलाय ते ठाऊक नसलेला दगड पेल्यात घालायचा नसतो.

ज्यांच्या घरी आधीच असा निळा तुकडा आहे, त्यांनी भाव विचारत बसण्याआधी चिठ्ठी लिहावी. खनिज, सोबतची खनिजं, मिलिमीटरमध्ये माप, खदान, गाव, तालुका, जिल्हा, कुणाकडून आणि कधी घेतला, कुठे तुटलाय, कुठे चिकटवलाय. रंग दिवसाच्या उजेडात पाहून लिहा, दुकानातल्या एलईडीखाली नको. गावाबद्दल खात्री नसेल तर ‘ठिकाण माहीत नाही’ असंच लिहा, अंदाजाने ‘नाशिक’ लिहू नका.