"दोन वर्षांत बॅटरी भंगारात" आणि त्या मेसेजमधल्या बाकीच्या गोष्टी

इलेक्ट्रिक स्कूटर घेऊ नका असं सांगणारा एक लांबलचक मेसेज महिनाभरात मला चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांना तर मी रोज तीच चालवत ऑफिसला जातो हे चांगलं माहितीये. मेसेज थोडक्यात असा: बॅटरी दोन वर्षांत जाते आणि नवीन घ्यायची म्हणजे गाडीच नवीन घेतल्यासारखं, पावसात शॉक बसतो, उभ्या गाडीला आग लागते, कंपनी सांगते ती रेंज कधीच मिळत नाही, चढावर गाडी मान टाकते, आणि वीज कोळशाचीच असल्यामुळे प्रदूषण तेवढंच. शेवटी अर्थातच "सर्वांना पाठवा". साडेतीन वर्षं आणि ३१ हजार किलोमीटर झालेत माझे, त्यामुळे एकदाच बसून लिहितो, पुढच्या वेळी कुणी पाठवला की हेच चिकटवेन.

बॅटरीपासून सुरू करू, कारण लोक खरे घाबरतात ते तिथे. दोन वर्षांचा आकडा कुठून आला असेल याचा मला अंदाज आहे. जुन्या स्वस्त इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये लेड-ॲसिड बॅटऱ्या असायच्या, म्हणजे इन्व्हर्टरखाली असते तीच जात, १८५९ मध्ये शोध लागलेली, जड, आणि रोज पूर्ण रिकामी केली तर काहीशे चार्जमध्ये संपणारी. त्या गाड्या ज्यांनी वापरल्या त्यांचा अनुभव खराच होता, दीड-दोन वर्षांत खेळ खल्लास. पण आत्ताच्या गाड्यांत लिथियम-आयन आहे आणि तिचं गणित वेगळं. तिचं आयुष्य चार्जच्या सायकलमध्ये मोजतात, आणि सायकल म्हणजे प्लग लावला की एक, असं नसतं, एकूण १०० टक्के वापर झाला की एक. रोज ४० टक्के वापरून तेवढंच भरलं तर अडीच दिवसांची मिळून एक सायकल होते. लिथियम-आयनचे दोन मुख्य प्रकार, एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाला) आणि एलएफपी (लोह-फॉस्फेटवाला): एनएमसीच्या सेलला साधारण ८०० ते १००० सायकल धरतात, एलएफपीला २००० च्या पुढे. आता एका चार्जमध्ये खरी रेंज ८० किलोमीटर धरली तर ८०० सायकल म्हणजे ६४ हजार किलोमीटर. रोज ३० किलोमीटर जाणाऱ्या माणसाला जवळपास सहा वर्षं लागतील तिथे पोचायला. आणि पोचल्यावर बॅटरी मरत नाही हो, ८०० नंतर तिची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास राहते असा त्या आकड्याचा अर्थ आहे. ८० जायची ती ६४ जाईल. माझी नवी असताना ८२ जायची, आता ७५ जाते, तिसऱ्या वर्षापर्यंत तर मला फरक कळलाही नव्हता.

अर्थात बॅटरी वापराने जशी म्हातारी होते तशी नुसती पडून राहूनही होते, आणि उष्णतेने तर जास्तच. भर उन्हात १०० टक्के भरून दिवसेंदिवस उभी करणं किंवा शून्यावर आणून महिनाभर विसरून जाणं, हे दोन प्रकार केले तर मेसेज खरा करून दाखवता येईल. घरी आल्या आल्या गरम बॅटरीला चार्जर लावायचा नाही, अर्धा तास थांबायचं. एलएफपी असेल तर अधूनमधून १०० पर्यंत भरायची, कारण तिचं व्होल्टेज चार्ज उतरताना बराच काळ जवळपास सपाट राहतं आणि मग डिस्प्लेवरचे टक्के थापा मारायला लागतात. नवीन बॅटरी महाग असते हे मात्र शंभर टक्के मान्य, गाडीतला सगळ्यात महाग भाग तोच, म्हणून घेताना रंग बघायच्या आधी वॉरंटीचा कागद वाचायचा: किती वर्षं, किती किलोमीटर, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बदलून देणार. तिसरा मुद्दा कागदावर नसेल तर पहिल्या दोन आकड्यांना फार अर्थ नाही.

पावसात शॉक. हा मुद्दा वाचून मला हसू येतं. बॅटरी पॅकवर बहुतेक वेळा आयपी६७ लिहिलेलं असतं, त्यातला ६ धुळीचा आणि ७ पाण्याचा, म्हणजे एक मीटर खोल स्थिर पाण्यात अर्धा तास ठेवलं तरी आत नुकसान होईल इतकं पाणी जाऊ नये. शिवाय पॅकची दोन्ही टोकं गाडीच्या बॉडीपासून वेगळी ठेवलेली असतात, आणि बऱ्याच स्कूटर ४८-५० व्होल्टच्या आसपास चालतात, वाहनांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत डीसीचं (बॅटरीतून येतो त्या प्रवाहाचं) हाय व्होल्टेज ६० च्या पुढे सुरू होतं. पण "स्थिर पाणी" हा शब्द लक्षात ठेवा, प्रेशर वॉशरचा फवारा त्यात येत नाही, तो चार्जिंग पोर्टवर मारू नका. आणि पावसात खरी भीती कुठे आहे तर ती गाडीत नाहीच, भिंतीतल्या सॉकेटमध्ये आहे. अंगणात ओढलेली एक्स्टेन्शन, अर्थिंगचा पत्ता नाही, प्लग ओला. शॉक बसला तर तिथे बसेल.

आग. इथे मी मेसेजला सरसकट खोटं म्हणणार नाही. लिथियमची आग लागते, आणि लागली की वाईट लागते: एक सेल तापला की शेजारचा तापवतो, आणि विझली असं वाटून पुन्हा पेट घेते. पण "उभ्या उभ्या, कारण नसताना" हे पटत नाही. कारण असतं, फक्त बाहेरून दिसत नाही. सेलच सदोष, आपटून पॅक दबलेला, आत शिरलेलं पाणी, लोकल दुरुस्तीत बीएमएसला (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला) बायपास केलेलं, किंवा दुसऱ्याच गाडीचा चार्जर "पिन बसते ना" म्हणून लावलेला. एलएफपी या बाबतीत जास्त सहनशील, पण अभेद्य वगैरे नाही. जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या एकुलत्या दाराशी चार्जिंग करू नका. पॅक फुगला, फुस्स असा आवाज आला, गोडसर विचित्र वास आला तर व्हिडिओ काढत बसू नका, लांब व्हा.

रेंज? हा मुद्दा बरोबर आहे. चाचणी ठरावीक वेगाच्या पॅटर्नवर होते, आपण तसे चालवत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ४० ऐवजी ६० ने गेलात की तो सव्वादोन पट. मागे माणूस, टायरमध्ये हवा कमी, थंडी, सगळं वजा होत जातं. कंपनीच्या आकड्याचे ७० टक्के धरा आणि त्यावर निर्णय घ्या.

चढाचं म्हणाल तर मोटर थांबलेली असतानाच जवळपास पूर्ण टॉर्क (चाक फिरवायचा जोर) देते, त्यामुळे छोट्या चढाला प्रश्नच नाही. गाडी अधिक माणूस २०० किलो धरलं तर १०० मीटर उंची चढायला साधारण ५५ वॉट अवर (१००० वॉट अवर म्हणजे विजेचं एक युनिट) लागतात, म्हणजे दोनेक किलोमीटरची रेंज गेली, बस. लांबच लांब घाटात मोटर आणि कंट्रोलर तापून गाडी स्वतःच पॉवर कमी करते, विशेषतः चाकातच मोटर असलेल्या स्वस्त गाड्या. रोजचा रस्ता तसा असेल तर टेस्ट राइड त्याच रस्त्यावर घ्या, शोरूमभोवती चक्कर मारून कळणार नाही.

आता कोळसा. सगळी वीज कोळशाची आहे असंच धरू. किलोमीटरला ३० वॉट अवर, चार्जर आणि तारांमधली गळती धरून ४०, आणि कोळशाच्या एका युनिटमागे साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे किलोमीटरला ४० ग्रॅम. ४५ चं ॲव्हरेज देणारी पेट्रोल स्कूटर, लिटरमागे २.३ किलो, म्हणजे ५१ ग्रॅम, आणि यात पेट्रोल शुद्ध करून पंपापर्यंत आणायचा खर्च अजून धरलेलाच नाही. सगळ्यात वाईट परिस्थितीतही कमीच, फक्त फार कमी नाही, आणि बॅटरी बनवताना झालेलं प्रदूषण अशा ठिकाणी भरून निघायला वीसेक हजार किलोमीटर जाऊ शकतात. जिथे पाणी, वारा, ऊन यांची वीज मिसळते तिथे हिशोब पटकन बदलतो. आणि सिग्नलला मागच्याच्या नाकात धूर जात नाही तो वेगळाच.

एवढा लांब मेसेज लिहिणाऱ्या माणसाला जी खरी अडचण आहे ती सुचलीच नाही याचं मला आश्चर्य वाटतं: चार्ज करणार कुठे? तिसऱ्या मजल्यावर राहता, गाडी खाली, बॅटरी निघत नाही, खाली पॉइंट नाही. पहिले चार महिने मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये वॉचमनला मस्का मारून चार्ज करत होतो आणि सुट्टीच्या दिवशी टक्के मोजत घरात बसायचो. नंतर माझ्या मीटरवरून खालपर्यंत स्वतंत्र वायर, एमसीबी आणि अर्थिंगसकट घेतली, परवानगी मिळवण्यात जेवढा वेळ गेला तेवढा गाडी निवडण्यातही गेला नव्हता. मला विचारायला येणाऱ्यांना मी आता बॅटरीचं काही सांगतच नाही, आधी विचारतो, गाडी रात्री उभी कुठे करतोस?